बिल ६० डॉलर, भरायचे ७५!

अमेरिकेत शिकायला, फिरायला किंवा ताई-दादाकडे सुट्टीला निघालायत? मग बॅगेत कुकर भरण्याआधी तिथल्या टिपचं गणित समजून घ्या.

व्हिसाचा शिक्का बसला की घरात यादी सुरू होते. तीन लिटरचा कुकर, गोडा मसाला, मेतकूट, थर्मल्स, चष्म्याची जास्तीची जोडी. सीनियर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुठलं सिम घ्यायचं, कुठल्या बँकेत खातं उघडायचं, रूममेट शाकाहारी आहे का, यावर रात्र रात्र चर्चा झडते. टिप किती द्यायची, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. मग तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात चौघं-पाच जणं हौसेने बाहेर जेवायला जातात, टेबलावर बिल येतं आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात.

आपल्याकडे हा विषय दोन सेकंदांत संपतो. बडीशेपेच्या वाटीत वीस-पन्नासची नोट सरकवायची, नाहीतर परत आलेले सुट्टे तिथेच सोडायचे. दिले तर वेटरकाका खूश, नाही दिले तरी ते पुढच्या वेळी पाणी आणून देतातच. घरी येणाऱ्या मावशी, पेपरवाला, पोस्टमन यांना वर्षातून एकदा दिवाळीची पोस्त. पोस्त, बक्षिसी, खुशी हे आपले सगळे शब्द एकच गोष्ट गृहीत धरतात: माणसाला पगार कुणीतरी वेगळा देतंय, आपण देतोय ते त्याच्यावर. अमेरिकेतल्या रेस्टॉरंटमध्ये नेमकं हेच गृहीतक चुकतं.

दोन डॉलर तेरा सेंट

अमेरिकेत केंद्र सरकारनं ठरवलेलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. २००९ पासून ते तिथेच अडकलंय. पण ज्यांना नियमित टिप मिळते, अशा कामगारांसाठी वेगळा आकडा आहे. मालकानं त्यांना स्वतःच्या खिशातून तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा ठरला १९९१ मध्ये. म्हणजे हे पान वाचणाऱ्या बहुतेकांच्या जन्माच्याही आधी. तेव्हापासून तो एका सेंटनंही वाढलेला नाही.

मधल्या ५.१२ डॉलरचं काय? ते तुमच्या-आमच्या टिपमधून येणार, असं कायद्यानंच धरून ठेवलंय. याला ‘टिप क्रेडिट’ म्हणतात. टिप कमी पडली तर फरक मालकानं भरायचा असा नियम आहे. पण तो फरक मालकासमोर उभं राहून मागायचा, तोही पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट त्याच्याच हातात असताना, हे सोपं नाही. आठवड्याला चाळीस तास काम केलं तरी २.१३ च्या हिशेबानं होतात ८५ डॉलर २० सेंट. टिपवरचा टॅक्सही याच पगारातून कापला जातो, त्यामुळे पगाराचा चेक कधी कधी जवळपास शून्याचा येतो. (२०२५ मध्ये आलेल्या नव्या कायद्यानं वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपवर केंद्रीय आयकरात वजावट दिली आहे, तीही २०२८ पर्यंतच. मूळ २.१३ ला कुणी हात लावलेला नाही.)

सगळीकडे असंच आहे असं नाही. अमेरिकेत राज्य बदललं की नियम बदलतात. आपली पोरं ढिगानं जातात त्या टेक्सासमध्ये २.१३ चाच दर आहे. जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, इंडियाना इथेही तेच. मधली बरीच राज्यं यापेक्षा थोडं जास्त द्यायला लावतात. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मॉन्टाना आणि अलास्का या सात राज्यांत मात्र टिप क्रेडिट हा प्रकारच नाही. तिथे सर्व्हरला (तिकडे वेटरला सर्व्हर म्हणतात) आधी राज्याचं पूर्ण किमान वेतन, टिप त्याच्यावर. म्हणजे आपल्या ‘खुशी’च्या जवळ जाणारं.

तरीही कॅलिफोर्नियात टिप टेक्साससारखीच १८-२० टक्के अपेक्षित असते. का, तर सवय. खरं सांगायचं तर हे लॉजिक मला पटलेलं नाही. पण सॅन होजेच्या एखाद्या टेबलावर बसून आपण एकट्यानं क्रांती करायची ठरवली, तर तिचा खर्च त्या सर्व्हरच्या खिशातून होणार.

बिलाचं पोस्टमॉर्टेम

समजा, डॅलसमध्ये चौघं मित्र एका थाई रेस्टॉरंटमध्ये जेवले. खाल्लेल्या पदार्थांचे झाले ६० डॉलर. तिथे मेन्यूवरच्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो, तो नंतर लागतो. डॅलसमध्ये ८.२५ टक्के, म्हणजे ४ डॉलर ९५ सेंट. आता टिप. ती टॅक्स लागायच्या आधीच्या रकमेवर मोजायची. ६० वर १८ टक्के म्हणजे १० डॉलर ८० सेंट. एकूण ७५.७५, माणशी १९ ला थोडे कमी. त्यामुळे मेन्यूवर १५ डॉलरची डिश दिसली की मनात १९ धरायचे. एवढं केलं तरी महिन्याचं बजेट कोलमडत नाही.

टक्का किती? टेबलावर येऊन ऑर्डर घेणारं रेस्टॉरंट असेल तर १५ हा तळ, १८ ते २० नेहमीचं. बुफे असेल, तुम्हीच उठून वाढून घेत असाल, तर दहाच्या आसपास चालतं. रील्समध्ये २५-३० टक्क्यांच्या गोष्टी ऐकून दडपून जाऊ नका. ‘प्यू रिसर्च सेंटर’नं २०२३ मध्ये अमेरिकन लोकांनाच विचारलं होतं. साधारण सर्व्हिस मिळाली तर बसून घेतलेल्या जेवणावर १५ टक्के किंवा त्याहून कमी टिप ठेवू, असं ५७ टक्के लोकांनी सांगितलं. म्हणजे तुम्ही १८ दिलेत तर तुम्ही कंजूष नाही.

मोबाइल न काढता हिशेब करायचाय? बिलाच्या रकमेत दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवा, दहा टक्के मिळाले. ६० चे ६. दुप्पट करा, १२. हे झाले वीस टक्के. त्यातून चव पाहून थोडं कमी करा. न्यूयॉर्क शहरात आणखी सोपं आहे. तिथे टॅक्स ८.८७५ टक्के, त्यामुळे बिलावरचा टॅक्स दुप्पट केला की जवळपास अठरा टक्के होतात. ही युक्ती ओरेगन किंवा डेलावेअरमध्ये वापरू नका, तिथे सेल्स टॅक्सच नाही. शून्याची दुप्पट शून्य!

खरा गोंधळ कार्डाच्या स्लिपवर होतो. आपल्याकडे मशीन टेबलावर येतं, पिन टाकला, संपला विषय. तिकडे अनेक ठिकाणी सर्व्हर तुमचं कार्डच घेऊन जातो (हो, नजरेआड घेऊन जातो, घाबरायचं कारण नाही) आणि दोन स्लिपा घेऊन परत येतो. त्यावर खाली दोन रिकाम्या ओळी असतात, एक टिपची आणि एक टोटलची. टिपचा आकडा आपण पेनानं लिहायचा, बेरीज करून टोटल लिहायची, सही करायची आणि हॉटेलची प्रत टेबलावर ठेवून निघायचं. टिप रोख ठेवणार असाल तर ती ओळ मोकळी न सोडता ‘कॅश’ असं लिहायचं. या पद्धतीमुळे फोनवर आधी ६४.९५ चा मेसेज येतो आणि एक-दोन दिवसांनी खात्यातून ७५.७५ गेलेले दिसतात. फोरेक्स कार्ड वापरणारे इथे ‘फ्रॉड झाला’ म्हणून कस्टमर केअरला फोन लावतात. फ्रॉड नसतो, ती तुम्हीच लिहिलेली टिप असते.

आणि हो, स्लिपवर काही लिहिण्याआधी बिल वरपासून खालपर्यंत वाचा. सहा किंवा त्याहून जास्त जणांचं टेबल असेल तर बरीच रेस्टॉरंट्स १८-२० टक्के ‘ग्रॅच्युइटी’ आधीच लावून ठेवतात. ती असेल तर पुन्हा टिप द्यायची गरज नाही. ‘सर्व्हिस चार्ज’ असं लिहिलं असेल तर तो सर्व्हरला मिळतो का, हे सरळ विचारावं. कायद्यानं टिप कामगाराची असते, मालक ती ठेवून घेऊ शकत नाही. सक्तीचा सर्व्हिस चार्ज मात्र मालकाचा असतो, तो पुढे वाटायचा की नाही हे तो ठरवतो.

आठ जणं, एक टेबल, तीन तास

ग्रुपनं जेवायला जाण्यात एक मजेशीर गोष्ट घडते. प्रत्येक जण आपापल्या डिशची किंमत बघतो, तेवढे पैसे स्प्लिटवाईजवर टाकतो आणि मोकळा होतो. टॅक्स आणि टिप कुणाच्याच डिशमध्ये नसतात. शेवटी ज्याच्या कार्डावर बिल गेलंय तो एकतर गपचूप स्वतः भरतो, नाहीतर टिपची ओळ कोरी ठेवतो. वेगवेगळी बिलं हवी असतील तर ऑर्डर देतानाच तसं सांगावं. तिकडे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सगळं खाऊन झाल्यावर ‘आता आठ भाग करा’ म्हणणं मात्र डोक्याला ताप.

दुसरं म्हणजे आपला कट्टा. चहा संपला तरी आपण उठत नाही, गप्पा रंगतात. सर्व्हरला साधारण ठरावीक टेबलं वाटून दिलेली असतात आणि त्या टेबलांवर किती गिऱ्हाइकं बसून उठली यावर त्या रात्रीची कमाई ठरते. तीन तास एका फ्राइजच्या प्लेटवर टेबल अडवलं तर दहा डॉलरवर दीड डॉलर टिप गणितात बरोबर असेल, पण तिच्या अख्ख्या संध्याकाळचा धंदा आपण बसवलेला असतो. बसायचंच असेल तर टक्केवारी विसरा आणि थोडे जास्त ठेवा.

याहून महत्त्वाची गोष्ट बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. अनेक ठिकाणी सर्व्हरला रात्री आपल्या कमाईतला हिस्सा टेबलं आवरणाऱ्याला, बारटेंडरला, दारात स्वागत करणाऱ्याला द्यावा लागतो. याला ‘टिप आउट’ म्हणतात. पुष्कळ रेस्टॉरंट्समध्ये तो हिस्सा मिळालेल्या टिपवर न मोजता झालेल्या विक्रीवर मोजतात. म्हणजे तुम्ही दोनशे डॉलरचं जेवलात आणि टिप शून्य ठेवलीत, तरी दोनशे डॉलरच्या हिशेबानं तिला पैसे द्यावेच लागतात. थोडक्यात, तुम्हाला वाढायचे तिनंच पैसे मोजले.

सर्व्हिस खरंच वाईट असेल तर? जेवण गार आलं, उशिरा आलं, तर बहुतेकदा ती किचनची चूक असते. मॅनेजरला बोलावून सांगा, बिलातून डिश कमी करून देतात. सर्व्हरच उद्धट असेल तर दहा टक्क्यांवर या आणि का ते सांगा. न बोलता शून्य ठेवून गेलात तर ‘यांना इथली पद्धत माहीत नाही’ एवढाच अर्थ निघतो. आणि राग दाखवायला चिल्लर नाणी ठेवणं हा तर सरळ अपमान समजला जातो.

हे आलं कुठून?

टिपची फॅशन अमेरिकेत युरोपातून आली असं मानतात. एकोणिसाव्या शतकात युरोप फिरून आलेले श्रीमंत लोक ती रुबाबात मिरवायला लागले. पण ती तिथे रुजली ती यादवी युद्धानंतर, आणि तो भाग वाचताना हसू येत नाही. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांना काम हवं होतं. हॉटेलं आणि रेल्वे कंपन्यांनी त्यांना ठेवून घेतलं, पण पगार नावापुरता, बाकी प्रवासी देतील ते. जॉर्ज पुलमनच्या कंपनीचे झोपायच्या सोयीचे रेल्वे डबे प्रसिद्ध होते. त्यात बिछाने घालणारे, बूट पॉलिश करणारे हजारो पोर्टर कृष्णवर्णीय होते. प्रवासी त्यांना नावानं हाक मारत नसत. सगळ्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत, मालकाच्या नावानं, गुलामांना म्हणायचे तसं. आणि योगायोग बघा, १८९७ ते १९११ या काळात या कंपनीचा अध्यक्ष कोण होता? रॉबर्ट लिंकन. अब्राहम लिंकनचा मुलगा!

या पोर्टर्सनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभी केली आणि बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. पगार वाढला, तास ठरले.

त्याआधी अमेरिकेत टिपच्या विरोधातही लाट आली होती. टिप म्हणजे सरंजामशाही, लोकशाहीत शोभत नाही, असं म्हणत १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं टिपवर बंदी घातली. मागोमाग आणखी पाच राज्यांनी. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. पुढे १९६६ मध्ये टिप क्रेडिट कायद्यात शिरलं आणि जे रिवाज म्हणून चाललं होतं त्याला सरकारी शिक्का मिळाला. २०१५ मध्ये न्यूयॉर्कचे नावाजलेले रेस्टॉरंट मालक डॅनी मायर यांनी आपल्याकडे टिप बंद करून किमतीच वाढवायला सुरुवात केली. २०२० मध्ये त्यांनीही टिप परत आणली. जिथून ही पद्धत उचलली त्या युरोपातल्या फ्रान्समध्ये मात्र आज सर्व्हिसचे पैसे कायद्यानंच मेन्यूच्या किमतीत धरलेले असतात. त्यामुळे परतीच्या वाटेवर पॅरिसला उतरलात तर वीस टक्क्यांची सवय विमानातच सोडा. जपानमध्ये तर टेबलावर ठेवलेले पैसे ‘विसरलात’ म्हणून मागे धावत येऊन परत करतात.

स्क्रीन वळते तेव्हा

आता अलीकडचा प्रकार. कॉफी शॉपच्या काउंटरवर तुम्ही पाच डॉलरची लाटे घेता. काउंटरपलीकडचा मुलगा टॅब्लेट तुमच्याकडे वळवतो. स्क्रीनवर मोठ्ठी तीन बटणं: १८, २०, २५ टक्के. ‘नो टिप’ कुठेतरी खाली, बारीक अक्षरात. मागे रांग उभी, समोर तो मुलगा छताकडे बघत. भीडेपोटी बोट आपोआप वीसवर पडतं. काही ठिकाणी तर आपणच स्कॅन करायच्या मशीनवरसुद्धा टिपची बटणं यायला लागली आहेत. द्यायची कुणाला, मशीनला? याला कंटाळलेले फक्त आपण नाही. प्यूच्या त्याच पाहणीत ७२ टक्के अमेरिकन्स म्हणाले, पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिप मागतात.

इथे २.१३ आठवा. काउंटरवरच्या कामगाराला बहुतेकदा पूर्ण किमान वेतन मिळत असतं. त्यामुळे पाण्याची बाटली, मफिन, पार्सल यावर ‘नो टिप’ दाबायला अजिबात लाजू नका. चार बदल सांगून कॉफी बनवून घेतली असेल तर एक डॉलर द्या. तुमच्यासमोर उभा राहणारा स्क्रीन हा मालकानं लावलेला असतो, तो काही रिवाज नाही. टेबलावर येऊन वाढणाऱ्याची टिप मात्र चुकवू नका. विद्यार्थ्याचं बजेट तोकडंच असतं. स्क्रीनवर भीडेपोटी उडवलेले पैसे आपण नेमके रेस्टॉरंटमध्ये वाचवायला जातो, आणि तिथेच ते खऱ्या अर्थानं कुणाच्या तरी घरभाड्याचे असतात.

बाकी ठिकाणं झटपट. टॅक्सी आणि केस कापणारा, १५ ते २० टक्के. घरी जेवण आणून देणाऱ्याला तीन ते पाच डॉलर, बर्फ पडत असेल तर जास्त. हॉटेलात रूम आवरणाऱ्यांना रात्रीमागे दोन ते पाच डॉलर, आणि ते रोज सकाळी ठेवायचे, कारण उद्या दुसरंच कुणी येऊ शकतं. सोबत ‘हाउसकीपिंगसाठी’ अशी चिठ्ठी ठेवा, नाहीतर पाहुण्याचे पैसे राहिले समजून ते हात लावत नाहीत. बॅग उचलणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन डॉलर. यासाठी पाकिटात एक-एक डॉलरच्या नोटा हव्यात.

डॉक्टर, नर्स, सिटी बसचा ड्रायव्हर, सुपरमार्केट, बर्गरचं काउंटर, इथे टिप नसते. पोलीस किंवा सरकारी कर्मचाऱ्यापुढे चुकूनही नोट धरू नका, ती लाच होते. पोस्टमनला पोस्त द्यायची हौस असेल तर तीही बेतानं. तिथल्या पोस्टमनना रोख पैसे घेता येत नाहीत, २० डॉलरपर्यंतची भेटवस्तू चालते. चिवड्याचं पाकीट त्यात आरामात बसतं.

टिपची दुसरी बाजूही काहींच्या वाट्याला येते. एखादा ओळखीचा हॉटेलवाला म्हणतो, संध्याकाळी ये, टेबलं बघ, टिप रोख तुझी. फी आणि भाडं डोक्यावर असताना हे आकर्षक वाटतं. पण एफ-१ व्हिसावर सत्र सुरू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच काम करता येतं. रेस्टॉरंटमधलं रोखीचं काम पकडलं गेलं तर व्हिसा स्टेटस जातं. आणि पकडलं गेलं नाही तरी मालकानं टिप दाबून ठेवली तर तक्रार कुठे करणार?

राहता राहिले आई-बाबा. दोन वर्षांनी ते तुमच्या पदवीदान समारंभाला येतील, तुम्ही त्यांना चांगल्या ठिकाणी जेवायला न्याल आणि बिल आल्यावर बाबा ‘मी भरतो’ म्हणून स्लिप ओढतील. मग डॉलरचे रुपये करतील आणि वाढायचे नऊशेच्या वर हे ऐकून सर्व्हरच्या देखतच वाद घालतील. तेव्हा २.१३ ची गोष्ट त्यांना विमानतळावरून घरी नेतानाच गाडीत सांगून टाका, आणि स्लिपवर टिपचा आकडा तुम्हीच लिहा. सही बाबांना करू द्या.